‘जलाश्व’ची सेवा आणि आपली दिरंगाई

संरक्षण खात्याच्या साहित्य-खरेदी परिषदेने २३ ऑक्टोबर २०२५ रोजी सुमारे ७९ हजार कोटी रुपयांच्या प्रस्तावांना तत्त्वतः मान्यता दिली. त्या यादीत क्षेपणास्त्रे होती, तोफा होत्या, पाणतीर होते. आणि या गर्दीत ‘लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक’ असे अवजड नाव धारण करणाऱ्या जहाजांचाही उल्लेख होता. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत क्षेपणास्त्रांना मानाचे पान मिळाले आणि ही जहाजे बातमीच्या शेपटात राहिली. त्यात नवल नाही. ज्या शस्त्राचा आवाज मोठा त्याकडे माना वळतात. सैनिक, मालमोटारी, औषधे आणि तांदळाची पोती वाहून नेणाऱ्या जहाजाचा आवाज कोणाच्या कानी पडणार? परंतु देशाच्या संरक्षण-व्यवस्थेतील सर्वांत जुनी आणि सर्वांत लाजिरवाणी उणीव कोणती, असे विचारल्यास या बातमीच्या शेपटाकडेच बोट दाखवावे लागेल.

भारतीय नौदलापाशी या जातीचे आजवर एकच जहाज आले. त्याचे नाव ‘जलाश्व’. मराठीत ज्याला आपण पाणघोडा म्हणतो, तोच हा जलाश्व. नाव अन्वर्थक आहे. पाणघोडा दिसायला बोजड, चालीला संथ. पण पाणी आणि जमीन या दोन्ही ठिकाणी त्याचा संचार असतो. या जहाजाने २००७ सालापासून देशाची जी सेवा केली ती पाहता एका जहाजाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. आणि नेमकी तीच अपेक्षा आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

पोटात गोदी असलेले जहाज

या जहाजाचे वैशिष्ट्य त्याच्या पोटात आहे. सर्वसाधारण जहाज माल उतरविण्यासाठी बंदराला लागते. त्याला धक्का लागतो, याऱ्या लागतात, पुरेसे खोल पाणी लागते. किनाऱ्यावर थेट नाक टेकवून पुढचा दरवाजा उघडणारी लहान जहाजेही असतात. ‘मगर’, ‘घडियाल’, ‘शार्दूल’ ही त्या जातीची. त्यांना मात्र किनाऱ्याचा उतार अनुकूल हवा. उतार चुकला तर जहाज वाळूच्या दांड्यावर अडकते आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये माणसाला बुडविण्याइतके पाणी राहते.

‘जलाश्व’ची रीत वेगळी आहे. जहाजाच्या मागच्या भागात चक्क एक गोदी आहे. जहाज किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात उभे राहते. तळाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले जाते. शेपटाकडचा भाग हळूहळू खाली बसतो. मागचा अजस्र दरवाजा उघडतो आणि पोटातील गोदीत पाणी शिरते. मग आत विसावलेल्या चार सपाट तळाच्या होड्या रणगाडे, मालमोटारी किंवा माणसे घेऊन तरंगत बाहेर पडतात. वरच्या सज्जावरून हेलिकॉप्टरे उडतात. बंदर मोडलेले असो, बुडालेले असो किंवा मुळात नसोच, या जहाजाचे काम अडत नाही. ते आपले बंदर आपल्या पोटात घेऊन हिंडते. सुमारे १७३ मीटर लांबीच्या आणि पूर्ण भाराने जवळजवळ १७ हजार टनांच्या या जहाजात सुमारे एक हजार सैनिकांची सोय होऊ शकते. रुग्णालय आहे, शस्त्रक्रियेची व्यवस्था आहे. लढाईसाठी बांधलेले हे जहाज शांततेच्या काळात एखाद्या तालुक्याच्या गावाचे काम करू शकते, हे त्याचे मर्म होय.

बैरूतच्या धक्क्यावरील योगायोग

या जहाजाची खरेदी झाली ती एका आपत्तीनंतर. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीने निकोबार बेटांवरील धक्के उद्ध्वस्त केले. भारतीय नौदलाने त्या वेळी दाखविलेली तत्परता वादातीत आहे. स्वतःच्या किनाऱ्यावर आकांत उसळला असतानाही त्याची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाच्या मदतीला धावली. परंतु साधने तोकडी होती. समुद्रतळाचे सर्वेक्षण करणाऱ्या नौकांवर रुग्णालये थाटावी लागली. धक्का नसलेल्या बेटावर जड सामग्री उतरविण्याचे साधन फारसे हाती नव्हते. उणीव डोळ्यांत भरली आणि तिच्यावर उतारा म्हणून अमेरिकी नौदलाच्या ‘ट्रेंटन’ या जहाजाकडे लक्ष वळले.

‘ट्रेंटन’ची कारकीर्द साधी नव्हती. १९९१ च्या जानेवारीत सोमालियाची राजधानी मोगादिशू यादवीने होरपळत असताना याच जहाजाच्या सज्जावरून उडालेल्या हेलिकॉप्टरांनी अमेरिकी वकिलातीची सुटका केली. तीस देशांच्या २८१ लोकांना त्या मोहिमेत बाहेर काढण्यात आले. २००६ च्या जुलै महिन्यात लेबनॉनवर बाँबवर्षाव सुरू झाला, तेव्हा ‘ट्रेंटन’ने बैरूतहून सुमारे पावणेदोन हजार लोक सायप्रसला पोहोचविले.

त्याच महिन्यात त्याच बैरूतहून भारतीय नौदलही आपली माणसे काढीत होते. ‘मुंबई’, ‘बेतवा’, ‘ब्रह्मपुत्र’ आणि ‘शक्ती’ या जहाजांनी २,२८० लोकांची सुटका केली. त्यांत श्रीलंका व नेपाळचे नागरिकही होते. कामगिरी अभिमानास्पद होती. पण चित्र कसे होते? ‘मुंबई’ ही माझगाव गोदीत बांधलेली क्षेपणास्त्रवाहू विनाशिका. तिच्यावर प्रवाशांसाठी जागा नसते, असावी अशी अपेक्षाही नसते. तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या मधल्या जागेत बायका-मुले दाटीवाटीने बसली. एकीकडे काम ज्याचे त्या जहाजाने केले. दुसरीकडे घोड्याला बैलगाडीला जुंपावे तसे लढाऊ नौकांना ओझे वाहावे लागले. पुढच्याच वर्षी ‘ट्रेंटन’ भारताचे झाले, या योगायोगात पुष्कळ अर्थ भरलेला आहे.

१७ जानेवारी २००७ रोजी अमेरिकी नौदलाने हे जहाज भारताच्या स्वाधीन केले आणि २२ जून २००७ रोजी नॉरफोक येथे ते ‘जलाश्व’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. किंमत पडली ४ कोटी ८४ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २१८ कोटी रुपये. सोबत घेतलेल्या सहा हेलिकॉप्टरांचे जवळजवळ ३ कोटी ९० लाख डॉलर वेगळे. या आकाराचे जहाज नवे बांधायला गेले असते तर कितीतरी पट खर्च आला असता. तेव्हा सौदा स्वस्तात पडला असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

ते अपुरे मात्र होते. महालेखापरीक्षकांनी २००८ साली या खरेदीवर कोरडे ओढले. जहाज जुने आहे. त्याच्या स्थितीची पुरेशी तपासणी न करता ते घेतले गेले. शिवाय विकणाऱ्याने त्याच्या आक्रमक वापरावर मर्यादा घातल्या असून पुरविलेल्या साहित्याच्या पाहणीचा अधिकारही स्वतःकडे राखून ठेवला आहे, असे आक्षेप त्या अहवालात नोंदले गेले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जहाजावर विषारी वायूची गळती होऊन नौसैनिकांचे बळी गेले. जुन्या वस्तूची खरी किंमत पावतीवर छापलेली नसते. ती पुढे वर्षानुवर्षे, दुरुस्तीच्या देयकांत आणि कधी माणसांच्या प्राणांत मोजावी लागते.

सेवेचा हिशेब

इतके असूनही या जहाजाने दिलेली सेवा पाहिली म्हणजे मान आदराने लवते. २०११ मध्ये लिबियात बंडाळी माजली, तेव्हा ‘जलाश्व’ भूमध्य समुद्रात गेले. नंतरच्या काळात पूर्व किनाऱ्यावरील आपत्तिनिवारण आणि तिन्ही दलांचे संयुक्त सराव यांत त्याचे स्थान मध्यवर्ती राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणम व काकीनाडा येथे झालेल्या भारत-अमेरिका सरावात त्याच्या जोडीला ‘जर्मनटाऊन’ हे अमेरिकी गोदीजहाज होते. एप्रिल २०२५ मधील अशाच सरावात पुन्हा ‘जलाश्व’च भारताच्या बाजूने उभे होते, समोरचे अमेरिकी जहाज मात्र बदलले होते. पाहुण्यांनी दर खेपेला वेगळे जहाज आणावे आणि यजमानांनी तेच ते पुढे करावे, यातच परिस्थितीचे सार आले.

या सेवेचा कळस झाला २०२० च्या उन्हाळ्यात. कोरोनाच्या साथीने विमाने जमिनीवर आली आणि परदेशी अडकलेल्या हजारो श्रमिकांना घरचा रस्ता दिसेना. ‘समुद्र सेतू’ या मोहिमेत ‘जलाश्व’ मालेहून ६९८ लोक घेऊन १० मे २०२० रोजी कोचीला लागले. त्यांत १९ गर्भवती स्त्रिया होत्या. त्यानंतर मालेच्या आणखी दोन फेऱ्या, एक कोलंबोची आणि एक इराणमधील बंदर अब्बासची. पंचावन्न दिवस चाललेल्या त्या मोहिमेत नौदलाने एकूण ३,९९२ भारतीयांना मायदेशी आणले. चार जहाजे कामाला होती. त्यांपैकी एकट्या ‘जलाश्व’ने पाच फेऱ्यांत ३,३०० हून अधिक लोक आणले, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून अधिक भार एकाच जहाजाने वाहिला. उरलेली तीन जहाजे खेपेला दोन-सव्वादोनशे माणसे आणू शकत होती, ‘जलाश्व’ सातशे. आकार आणि रचना यांमुळे पडणारा हा फरक आहे. त्यात कोणाच्या शौर्याची तुलना नाही.

हा आकडा अभिमानाचा, तितकाच चिंतेचाही आहे. त्या महिन्यांत ‘जलाश्व’ दुरुस्तीसाठी गोदीत असते तर? ज्या मोहिमेचा चार-पंचमांश भार एका खांबावर उभा आहे, त्या मोहिमेला नियोजन म्हणावे की नशीब? आणि हा खांब मार्च १९७१ मध्ये उभारलेला आहे. त्याने वयाची पन्नाशी केव्हाच ओलांडली. त्याची यंत्रे वाफेवर चालतात. जगातील बहुतेक आरमारांनी ते तंत्र मागे टाकले आहे. सुटे भाग मिळविणे, बाष्पित्रे सांभाळणे आणि ती सांभाळणारी माणसे तयार करणे, हे सारे एका जहाजासाठी चालू ठेवण्याचा खर्च दरवर्षी चढताच राहणार.

इतिहासाची साक्ष

समुद्रातून जमिनीवर फौज उतरविण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली नोव्हेंबर १६६४ मध्ये. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज मालवणहून जहाजांत बसून दक्षिणेकडे निघाले आणि त्यांनी बसरूर या श्रीमंत बंदरावर अचानक छापा घातला. ज्या राजाची कीर्ती घाटमाथ्याच्या दुर्गांवर आणि मावळच्या पायदळावर उभी, त्याने जलमार्गे सैन्य नेण्याचे मोल इतक्या लवकर ओळखले होते. घाटवाटांनी महिनाभर लागणारा आणि शत्रूला आधीच वर्दी देणारा पल्ला समुद्राने काही दिवसांत व गुपचूप कापता येतो, हा व्यवहार त्यांना उमगला होता.

स्वतंत्र भारताला हा धडा रक्त सांडून पुन्हा शिकावा लागला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर नौसैनिक उतरविण्यात आले. ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ ही जहाजे पाठीशी होती; पण बेटावर जायचे ते उघड्या होड्यांतून. पोर्तुगीज शिबंदीच्या गोळीबारात सात जवान धारातीर्थी पडले. दहा वर्षांनी, बांगलादेशाच्या युद्धात, कॉक्स बझारला फौज उतरविण्याचा प्रयत्न झाला. कलकत्त्याहून सैनिक व्यापारी जहाजातून नेले, भर समुद्रात लष्करी जहाजांवर चढविले आणि किनाऱ्याचा उतार नीट न जाणता खाली उतरविले. जहाज किनाऱ्यापासून दूरच रुतले. छातीपर्यंत असेल असे वाटलेले पाणी डोक्यावरून गेले. शत्रूची गोळी न लागता गुरखा जवान बुडून मेले. त्या दिवशी तारीख होती १६ डिसेंबर १९७१. ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या होत होत्या. विजयाच्या जल्लोषात हे अपयश झाकले गेले आणि त्याचा बोध फाइलींत पडून राहिला.

याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत ‘ट्रेंटन’ सेवेत दाखल झाले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या साधनाअभावी आपले जवान बुडाले, ते साधन आपल्या हाती यायला छत्तीस वर्षे लागली. आणि आले तेही दुसऱ्याने वापरून टाकलेले.

बारा वर्षे आणि एक निविदा

जुने जहाज विकत घेण्यात गैर काही नव्हते. अडलेल्याने तात्पुरती सोय केली, इतकाच त्याचा अर्थ. तात्पुरत्या सोयीलाच कायमची व्यवस्था मानणे, हे गैर. चार गोदीजहाजे देशात बांधण्यासाठी २०१३ साली निविदा निघाली. लार्सन अँड टुब्रो, पिपावाव आणि एबीजी या तीन खासगी कंपन्यांकडून प्रस्ताव मागविले. विजेत्याने दोन जहाजे बांधावीत आणि त्याच किमतीत दोन विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डने बांधावीत, अशी योजना होती. मुदती वाढत गेल्या. निर्णय होईना. दरम्यान तीनपैकी दोन कंपन्या दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे उभ्या राहिल्या. अखेरीस २०२० मध्ये निविदाच मागे घेण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा माहिती मागविण्यापासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परिषदेची तत्त्वतः मान्यता मिळाली. बारा वर्षांत पोलादाचा एक पत्राही कापला गेला नाही.

तुलनेसाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ‘ट्रेंटन’चीच. सिअॅटलच्या गोदीत त्याची बांधणी ऑगस्ट १९६६ मध्ये सुरू झाली आणि मार्च १९७१ मध्ये ते सेवेत आले. अख्खे जहाज उभे करायला पाच वर्षेही लागली नाहीत. आपल्याला त्याच्या दुप्पट काळ कागद फिरविण्यास लागला. दुसरी गोष्ट इंडोनेशियाची. ‘जलाश्व’ भारतात आले त्याच २००७ साली इंडोनेशियाने कोरियात बांधून घेतलेले ‘मकासार’ हे याच जातीचे जहाज दाखल करून घेतले. परंतु त्यांनी करार करतानाच पुढची दोन जहाजे आपल्या सुराबाया येथील गोदीत बांधण्याची अट घातली होती. ती बांधली गेली. इतकेच नव्हे, त्याच गोदीने २०१६ आणि २०१७ मध्ये फिलिपीन्सला अशी दोन जहाजे विकली आणि पुढे आणखी दोनांची मागणी मिळविली. आपण पैसे देऊन जहाज घेतले. त्यांनी जहाजाबरोबर विद्या घेतली. अर्थशास्त्रात किंमत आणि मूल्य यांत भेद करतात तो हाच.

दिरंगाईला किंमत नसते, हा आपल्या सरकारी हिशेबपद्धतीतील सर्वांत मोठा भ्रम आहे. खर्च झालेला रुपया जमाखर्चात दिसतो. न घेतलेल्या निर्णयाचा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण तो असतो. म्हाताऱ्या जहाजाच्या वाढत्या देखभालीत असतो, दरवर्षी चढणाऱ्या पोलादाच्या व यंत्रांच्या भावात असतो, मागणीच्या आशेवर कर्ज काढून बुडालेल्या गोद्यांत असतो आणि त्या कर्जापायी तोट्यात गेलेल्या सार्वजनिक बँकांतही असतो. त्या दोन कंपन्यांच्या विनाशाला केवळ ही निविदा कारणीभूत झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांच्या कारभारातील दोष मोठे होते आणि एबीजीच्या बाबतीत तर चौकशी यंत्रणांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदविला आहे. तथापि एकमेव गिऱ्हाईक सरकार असलेल्या धंद्यात गिऱ्हाइकानेच बारा वर्षे मौन धरले, तर प्रामाणिक कारखानदारही तग धरू शकत नाही. सरकारी मागणी ही या उद्योगाला पावसासारखी आहे. ती वेळेवर यावी लागते. दुष्काळानंतर आलेला पूर पीक वाचवीत नाही.

आक्षेपांचा विचार

या खर्चाला विरोध करणारे लोक वेडे नाहीत. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. एक आक्षेप असा की, क्षेपणास्त्रांच्या युगात असली अवजड जहाजे म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या बेर्द्यान्स्क बंदरात ‘सारातोव’ हे रशियाचे सैन्यवाहू जहाज धक्क्यावरच जळून बुडाले, हा दाखला त्यासाठी दिला जातो. दाखला खरा आहे. परंतु त्यावरून निघतो तो निष्कर्ष असा की, सावध शत्रूच्या किनाऱ्यावर अशी जहाजे संरक्षणावाचून नेऊ नयेत. भारताला अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही स्वतःची दूरस्थ बेटे सांभाळायची आहेत. तेथे आपलीच फौज, आपलेच साहित्य वेळेवर पोहोचविणे ही पहिली गरज आहे. शिवाय एका जहाजावर सारी भिस्त ठेवणे हीच सर्वांत मोठी असुरक्षितता नव्हे काय? चीनने याच जातीची आठ जहाजे बांधली आणि त्यांहून मोठी बांधायला घेतली, ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करून चालणार नाही. त्या शर्यतीत उतरण्याचे कारण नाही. पण हिंदी महासागरात आपल्या घरचे काम आपल्याला करता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप काटकसरीचा. परदेशी अडकलेली माणसे आणायला जहाज भाड्याने घेता येत नाही का? येते. २०११ मध्ये लिबियातून माणसे काढण्यासाठी सरकारने ‘स्कॉशिया प्रिन्स’ हे प्रवासी जहाज भाड्याने घेतले होते. परंतु भाड्याचे जहाज जवळपास असावे लागते, मालक तयार असावा लागतो, विमा उतरविणारा राजी असावा लागतो आणि बंदर शाबूत असावे लागते. आपत्तीत या चार अटी एकाच वेळी पुऱ्या होतीलच याची हमी कोण देणार? बंब रोज लागत नाही, म्हणून आग लागल्यावर तो भाड्याने शोधायला निघण्यात शहाणपण नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. या हजारो कोटींत किती प्राथमिक आरोग्य केंद्रे, किती शाळा उभ्या राहतील? गरीब देशात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, संरक्षणखर्चाचा एकूण आकडा हा वेगळ्या वादाचा विषय आहे. पण जो खर्च होणारच आहे त्यातील कोणता भाग युद्धात आणि शांततेत अशा दोन्ही वेळी जनतेच्या उपयोगी पडतो, हे तरी पाहाल की नाही? पाणबुडी किंवा क्षेपणास्त्र यांचे यश ते न वापरावे लागण्यात असते. गोदीजहाजाचे तसे नाही. एप्रिल २०२५ मध्ये भूकंपग्रस्त म्यानमारला ‘घडियाल’ने ४४२ टन अन्नसामग्री पोहोचविली. शस्त्रागारात गंजत न पडता वर्षभर राबणारी ही संपत्ती आहे.

आणि उपयोग नाही म्हणून मोडीत काढायला निघालेल्यांची फजिती इतिहासाने पाहिली आहे. १९८१ मध्ये काटकसरीपायी ब्रिटनने आपली ‘फिअरलेस’ आणि ‘इंट्रेपिड’ ही गोदीजहाजे काढून टाकण्याचे ठरविले होते. पुढच्याच वर्षी फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाने फौजा उतरविल्या आणि ती बेटे परत घेताना ब्रिटिश सैन्य याच दोन जहाजांवर विसंबून किनाऱ्याला लागले.

पुण्याचा संबंध काय?

पुणे समुद्रापासून दूर आहे. पण या विषयापासून दूर नाही. तिन्ही दलांचे छात्र जेथे एका ताटात जेवतात ती प्रबोधिनी खडकवासल्याची. गोदीजहाजावर भूदलाचे सैनिक, नौदलाचे खलाशी आणि हेलिकॉप्टरांचे वैमानिक एकाच पोटात राहून एकच काम करतात. त्या सहकार्याचे बीज येथे पेरले जाते. दक्षिण कमांडचे मुख्यालय याच शहरात आहे. नौदलाच्या यंत्र-अभियंत्यांना घडविणारे ‘शिवाजी’ हे केंद्र १९४५ पासून लोणावळ्याला आहे. आणि २ एप्रिल २०२५ रोजी नौदलाने जहाजांसाठी सहा मेगावॉट शक्तीचे डिझेल इंजिन भारतात विकसित करण्याचे काम पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सकडे सोपविले. २७० कोटींच्या त्या प्रकल्पातील ७० टक्के वाटा सरकार उचलणार आहे. इंजिन तयार होईल. पण ते बसवायला जहाजे हवीत. मागणीची साखळी एका दुव्याशी तुटली की तिचा हिसका पिंपरी-चिंचवडच्या लहानशा कारखान्यापर्यंत पोहोचतो, हे या शहराला कोणी शिकविण्याची गरज नाही.

महाराष्ट्राचा आणखी एक जुना धागा आहे. ‘जलाश्व’चे ठाणे विशाखापट्टणमला. तेथील जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला १९४१ मध्ये बसविली गेली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने. परकीय सत्ता अनुकूल नसताना, महायुद्ध चालू असताना, एका उद्योगपतीने तेथे गोदी उभारली आणि मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात सोडले गेले. सात वर्षांत त्यांनी ओसाड किनाऱ्यावर कारखानाही उभारला आणि जहाजही बांधले. पुढे तोच कारखाना सरकारी झाला. २०१३ च्या योजनेत त्यालाच दोन गोदीजहाजे बांधायची होती. ‘जलउषे’पासून ‘जलाश्वा’पर्यंतचा हा प्रवास प्रगतीचा म्हणावा की परागतीचा, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

कोकणालाही या जहाजांचे अगत्य आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले आणि दरडींनी रस्ते तोडले तेव्हा मदतीचा मार्ग किती अरुंद असतो ते दिसले. ऐन पावसाळ्यात खवळलेल्या कोकण किनाऱ्यावर होड्या लावणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सज्जावर हेलिकॉप्टरे आणि पोटात रुग्णालय असलेले जहाज समुद्रात उभे असेल, तर घाट मोकळा होण्याची वाट पाहावी लागणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी धाडलेल्या रकमेपैकी २०.५ टक्के वाटा महाराष्ट्रातील बँकांत आला. हे प्रमाण केरळपेक्षाही अधिक आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावोगावची कर्ती माणसे आखातात आहेत. त्यांच्या मनीऑर्डरी मोजणाऱ्या राज्याने, संकटकाळी ती माणसे परत कशी येणार याचाही विचार करावयास हवा.

आता काय करावे?

तत्त्वतः मान्यता म्हणजे करार नव्हे आणि करार म्हणजे जहाज नव्हे. २०१३ च्या अनुभवावरून काही गोष्टी आताच ठरविल्या पाहिजेत. निविदेच्या प्रत्येक टप्प्याला तारीख असावी आणि ती चुकल्यास कारण संसदेपुढे मांडले जावे. जहाजे किती, हे एकदा ठरल्यावर दर दोन वर्षांनी बदलू नये. एकाच गोदीला सारे काम देऊन मक्तेदारी निर्माण करू नये. तसेच चार ठिकाणी तुकडे पाडून कोणालाच अनुभव मिळू नये असेही करू नये. परदेशी आराखडा घ्यावा लागला तर इंडोनेशियाप्रमाणे विद्येसकट घ्यावा. ‘जलाश्व’वर दरवर्षी होणारा देखभालीचा खर्च, त्याचे समुद्रावरील दिवस आणि गोदीतील दिवस यांचा हिशेब प्रसिद्ध करावा, म्हणजे दिरंगाईची किंमत तरी जनतेला कळेल. आणि पहिले नवे जहाज पाण्यात उतरेपर्यंत पुन्हा एखादे जुने जहाज स्वस्तात मिळते म्हणून घेण्याचा मोह झालाच, तर त्याच्या विक्रीपत्राबरोबर नव्या जहाजाच्या बांधणीचा करारही मेजावर असावा.

‘जलाश्व’ने आपले काम चोख बजावले. ज्या १९ गर्भवती स्त्रिया मे २०२० मध्ये त्याच्या सज्जावरून कोचीच्या धक्क्यावर उतरल्या, त्यांची मुले आता शाळेच्या वयाची झाली आहेत. ती मोठी होऊन कामधंद्यासाठी परदेशी जातील, तेव्हा अडीअडचणीला त्यांना आणायला कोणते जहाज जाईल? तेव्हाही साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या पाणघोड्यालाच हाक मारण्याची वेळ आली, तर दोष जहाजाचा नसेल. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. येथे तर तहान लागून छपन्न वर्षे होऊन गेली आहेत की काय, असा हिशेब मांडण्याची पाळी आपण स्वतःवर येऊ देता कामा नये. कॉक्स बझारच्या पाण्यात बुडालेल्या जवानांचे तेवढे तरी ऋण देशावर आहे.